केसांवर चहागाळणी

एकोडी, ता. साकोली
९ जून २०२४

बाबू वीरेंद्र,

तुले एक आजी आहे. नाव बेबीबाई. रंग सावळा, बोलणं जरा जास्त, घर बोडीच्या पाण्याजवळ, कवेलूच्या छपराचं. काही ध्यानात येऊन राहिलं का? नसन येत तर तुह्या मायले विचार. थेच हे पत्र लिहून राहिली. मी सांगून राहिली, थे लिहून राहिली अन् तोंड वाकडं करून राहिली.

फोन असताना पत्र कायले, असं तू म्हणशील. फोनवर तू ‘हो आजी, हो आजी’ करतं अन् मंग म्हणतं ‘नेटवर्क गेलं’. नेटवर्क तुह्याच अंगठ्याखाली राहते, हे मले समजते. पत्राले अंगठा लावून बंद करता येत नाही.

आता कामाचं. तुही माय साऱ्या गावाले सांगते, ‘आमचा वीरेंद्र कोलकात्याले एक्सपोर्ट कंपनीत आहे.’

(साऱ्या गावाला नाही सांगितलं. विचारलं त्यांनाच सांगितलं. — रीता)

कोणं विचारलं होतं वं? नळावर बायांच्या गुंड्या भरेपर्यंत तूच सांगत राहते. गुमान लिही.

तर लोक मले विचारतात, ‘बेबीबाई, नातू एक्सपोर्ट काय करते?’ मी अडाणी. कोणाले तांदूळ सांगते, कोणाले मच्छी. परवा कृष्णरावनं विचारलं, त्याले हत्ती सांगतले. त्यानं मान हलवली अन् गेला. आता थो दुसऱ्याले सांगन. हत्तीचं प्रकरण वाढायच्या आत खरं काय थे लिहून पाठवजो.

तुही आजी
बेबीबाई (अंगठा)

(वेळेवर जेव. आजीच्या भाषेला माझा इलाज नाही. — आई)


बेलडांगा, जि. मुर्शिदाबाद
२३ जून

आजी,

दोन्ही पायांवर डोकं. तुला विसरून जाऊ कुठे? कामाचा डोंगर असतो, एवढंच.

हत्ती फारच झालं. आमची कंपनी नैसर्गिक तंतू विदेशात पाठवते. गावोगावहून माल येतो, बायका तो साफ करतात, लांबीप्रमाणे जुड्या बांधल्या जातात आणि माल सीमेपलीकडे जातो. आलेल्या पोत्यांचा हिशेब माझ्याकडे आहे. मुख्य ऑफिस कोलकात्याला, गोडाऊन इथे, म्हणून पत्ता असा.

आईला सांग, जेवतो. भात आणि मच्छी, आपल्यासारखंच. तेल मात्र मोहरीचं आहे, पहिला आठवडा नाकातून पाणी आलं.

तुझा
वीरेंद्र


एकोडी
१० जुलै

बाबू,

तंतू म्हणजे काय, मी रीताले विचारलं. थे म्हणे धागा. कृष्णराव म्हणे ताग असन. उषाबाईले विचारलं तर थे पदर तोंडाले लावून हसली.

उषाबाई आठवते ना? टोपलं डोक्यावर घेऊन गावोगाव फिरते, ‘केसांवर भांडेऽऽ’ म्हणून ओरडते. लहानपणी तू माह्या फणीतले केस चोरून तिच्याजवळून फुगे घेत होता. तो धंदा अजून तसाच चालू आहे. विंचरताना गळलेले केस आम्ही बाया गुंडाळतो, त्याच्यावर तीनदा थुकतो अन् कवेलूखाली खोचून ठेवतो. बाहेर फेकले तर कोणाच्या हाती लागतीन अन् कोण करणी करन, सांगता येत नाही. उषाबाई आली का काढून देतो. मूठभर केसांवर पिना, जास्त असले तर वाटी. यावेळी मले चहागाळणी भेटली. तिची जाळी इतकी बारीक आहे का चहा वरच बसून राहते, खाली उतरतच नाही.

मी म्हटलं, ‘उषे, हसली काहून?’

थे म्हणे, ‘मामी, हे केस मी साकोलीच्या भैय्यालालले विकते. थो पोते भरून रेल्वेनं धाडते. फोनवर दिवसभर त्याचं एकच, बेलडांगा, बेलडांगा.’

रीतानं तुह्या पत्रावरचा पत्ता पुन्हा वाचला. मंग आम्ही तिघी एकमेकींच्या तोंडाकडे पाहत राहिलो. पहिले मी हसली, मंग उषाबाई, अन् सगळ्यात शेवटी तुही माय.

(मी हसले नाही. — रीता)

तर बी.कॉम. होऊन तू आमच्या फणीतला कचरा मोजून राहिला! लाजू नोको. पण मले एक सांग. आमचे तुटके, गुंतलेले, वरून थुकलेले केस कोणाले पाहिजे असतात? अन् त्याच्यासाठी रेल्वेचं भाडं कोण देते?

धानाचं रोवणं सुरू आहे. कंबर तुह्या नावानं दुखून राहिली.

बेबीबाई (अंगठा)


बेलडांगा
२५ जुलै

आजी,

हो, केसच आहेत. लाज वाटत होती म्हणून ‘तंतू’ लिहिलं. आईला म्हणावं, राग सोड.

आता तुझ्या प्रश्नाचं. या केसांचे टोप होतात. टक्कल झाकायला, आजारात केस गेलेल्यांना, नाटक-सिनेमावाल्यांना, नुसती हौस म्हणूनही. टोप बनतात चीनमध्ये आणि विकले जातात अमेरिकेत. पण त्याआधी गुंता सोडवावा लागतो. एक-एक केस, सुईनं. त्याला यंत्र नाही. ‘यंत्र तुटतं, बाई तुटत नाही,’ असं आमचे मालक म्हणतात. म्हणून हा धंदा जिकडे बाईचा दिवस सगळ्यात स्वस्त, तिकडे सरकत जातो. इथल्या बायकांनी मजुरी थोडी वाढवून मागितली, तशी पोती न सोडवताच सीमेपलीकडे ब्रह्मदेशात जाऊ लागली. तिथल्या बायका त्याहून कमीत करतात. आता कच्चे केस बाहेर पाठवायचे नियम कडक झालेत, म्हणून मालकांना इथेच सोडवता येईल असा लांब, चांगला माल हवा आहे.

आमच्याकडे रोशनारा नावाची एक बाई आहे. सगळ्यात वाईट गुंता तिच्यापुढे टाकतात. मांडीवर घेते, गप्पा मारते आणि संध्याकाळी त्याच्या सरळ जुड्या होऊन पडलेल्या असतात.

तुझ्या चहागाळणीच्या केसांत इथे दहा चहागाळण्या येतील आणि वर एक किटली. मधे उषाबाई, भैय्यालाल, त्याच्या पुढचा, त्याच्याही पुढचा, सगळे आपापली गाळणी काढून घेतात.

म्हणून मी मालकांना विचारलं, माझ्या गावचा माल थेट आणू का? ते म्हणाले, आण. चांगला निघाला तर तिकडची सगळी खरेदी तुझ्याकडे. आजी, हे जमलं तर पोती मोजणं सुटेल. गोळा उषाबाईनंच करावं, फक्त भैय्यालालऐवजी ट्रान्सपोर्टनं मला पाठवावं. बायकांनाही भाव मिळेल.

गावात मात्र माझं नाव सांगू नको.

वीरेंद्र


एकोडी
३० ऑगस्ट

बाबू,

गावात सांगू नोको म्हणाला, म्हणून मी गावात सांगतलं नाही. धानाच्या बांधीत सांगतलं. आता रोवणं करताना साऱ्या बाया बांधीतच होत्या, त्याले मी काय करू?

किटलीचं ऐकून बायांनी हातातला धानाचा परा खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी घरोघरचे कवेलू उचकले गेले. लीलाबाईनं तर सासूच्या वेळचे केस काढले, त्याच्यात उंदराचं घर निघालं. कृष्णराव आपल्या म्हशीच्या शेपटीचे घेऊन आला. मी म्हटलं, ‘कृष्णराव, त्या अमेरिकेच्या बाईनं मान हलवून माशा हाकलाव्या का?’ तो म्हणे, ‘काळे तर आहेत ना!’ उषाबाईनं त्याले हाकललं. आता थे मालकीण आहे, तिचा आवाजच बदलला. भैय्यालाल साकोलीत तिच्याशी बोलत नाही.

सारं जमलं अन् मंग कोणीतरी विचारलं, ‘जातात कुठी?’ मी म्हटलं, बंगालले.

झालं! आजवर उषाबाई नेत होती, कुठी जाते कोणाले माहीत नव्हतं, म्हणून कोणाले भेवही नव्हतं. आता बंगाल म्हटल्यावर बायांचे डोळेच फाटले. साकोलीच्या बसस्टँडवर खांबाखांबाले कागद चिकटले आहेत. बंगाली बाबा, वशीकरण, दुश्मनाचा नाश, एका दिवसात गुण. अन् त्याच बंगालले आपण आपल्या हातानं आपले केस धाडायचे? अर्ध्या बाया आपापलं गाठोडं घेऊन उठल्या.

मंग मी बंदोबस्त केला. काय केला थे बायांचं काम आहे, तुले सांगायची गरज नाही. बाया खुश झाल्या, पोतं भरलं, उषाबाईनं ट्रान्सपोर्टवर टाकलं. आता तिकडच्या कोण्या जादूवाल्याचा हात चालणार नाही.

(मी नको म्हटलं होतं. ऐकलं नाही. काय केलं ते लिहूही देत नाहीत. — रीता)

खरेदी साहेब झाला का मले कळवजो. हत्तीवर बसून येजो.

बेबीबाई (अंगठा)


बेलडांगा
२१ सप्टेंबर

आजी,

पोतं पोचलं. मालकांनी उघडून पाहिलं, खुश झाले. इतके लांब केस इकडे क्वचित येतात. म्हणून ते रोशनारापुढे टाकले.

दुसऱ्या दिवशी तिचे हात सुजले. तिसऱ्या दिवशी बोटांना फोड आले, फुटले, कातडी काळी पडली. घाम पुसायला हात लावला तर गाल आणि डोळे सुजले. मालक म्हणाले, हिनं लवकर उरकावं म्हणून केसांना काहीतरी औषध लावलं, ॲसिड नाहीतर आणखी काही. तिनं शपथ घेतली. ऐकलं नाही. सगळ्यांसमोर कामावरून काढलं. तिच्या घरी तिच्याच सुईवर चूल पेटते, आजी. नवरा केरळात जातो, पैसे आले तर आले.

काल मी पोत्याच्या तळाशी हात घातला. केसाच्या गोळ्यात दोऱ्यात ओवलेलं एक काळं बी निघालं. मग दुसऱ्या गोळ्यात. मग प्रत्येक गोळ्यात. रोशनारानं ते कचरा समजून फेकलं असणार. मी लहान असताना दृष्ट लागू नये म्हणून माझ्या पाळण्याला तू बांधलेलं असायचं तसलंच. बिब्बा आहे ना? हाच तुझा बंदोबस्त?

मी अजून कोणाला बोललो नाही. खरं सांगितलं तर खरेदी माझ्याकडे येणार नाही, नोकरीही जाईल कदाचित. एकोडीचा माल कायमचा बंद होईल, उषाबाईचं काय? मालकांचा राग दोन-चार आठवड्यांत निवळतो, कामाला बायका कमी आहेत, ते रोशनाराला स्वतःच परत बोलावतील. तोवर गप्प राहावं म्हणतो. तुला काय वाटतं?

वीरेंद्र


एकोडी
२ ऑक्टोबर

वीरेंद्र,

मले काय वाटते थे कायले विचारतं? तुले ठरवायचं होतं थे तू ठरवून बसला, अन् वरून माहा अंगठा पाहिजे.

हो, बिब्बाच आहे. मीच घातला. सुईनं भोसकून दोऱ्यात ओवला अन् एकेका गोळ्यात बांधला. भोसकल्यावर त्याचं तेल निघते, अंगावर पडलं तर उतते, हे मले तुह्या बापाच्या जन्माआधीपासून माहीत आहे. म्हणून आम्ही हाताले खोबऱ्याचं तेल चोपडून बसलो होतो. तिकडे कोणीतरी बाई हे हातानं सोडवन, हे माह्या ध्यानातच आलं नाही. तू पत्रात लिहिलं होतं, सुईनं, एक-एक केस. मले किटली दिसली. बाई दिसली नाही.

आता उठ अन् मालकाकडे जा. म्हणा, माह्या आजीनं घातला. माहं नाव घे. मी काय नोकरीवर आहे का, मले कोण काढन? तुले काढलं तर एकोडीत बांध्या आहेत, चिखल आहे, पडून राहा. पण त्या बाईच्या हाताले फोड अन् तोंडाले काळं, दोन्ही आपण द्यायचं, अन् तू तिच्या समोरून पोते मोजत फिरायचं? असा नातू असला तर मी लोकाले हत्तीच सांगत राहीन.

डॉक्टरले दाखवलं का तिले? त्याले सांगजो का बिब्बा आहे, नाहीतर तो भलताच मलम देईन.

उषाबाईले मी सांगतलं. थे रडली, मंग मले शिव्या दिल्या. चांगल्या दिल्या.

हे पत्र पोचायच्या आधी रीता फोन करून राहिली. तिच्यासमोर ‘हो हो’ करजो. पण जाजो.

बेबीबाई

(पत्रातलं एकही अक्षर मी बदललेलं नाही. जा, बेटा. — आई)


बेलडांगा
२० ऑक्टोबर

आजी,

गेलो. आईचा फोन आला त्याच दिवशी.

मालक आधी हसले, त्यांना खोटं वाटलं. मी बिब्बा फोडून माझ्या मनगटावर एक ठिपका लावला. दुसऱ्या दिवशी फोड दाखवला. मग ते ओरडले, ते बाजूच्या गोडाऊनमध्ये ऐकू गेलं. खरेदी गेली. डॉक्टरचा खर्च माझ्या पगारातून. पोती आधी फक्त मोजत होतो, आता उचलतोही. एकोडीचं पोतं मागच्या अंगणात ताडपत्रीखाली पडलंय, त्याच्या जवळून कुत्रंही जात नाही. नोकरी मात्र राहिली. इतक्या पगारात हिशेबही करणारा आणि पोतीही उचलणारा दुसरा मिळणार नाही, असं त्यांनीच सांगितलं.

रोशनाराला परत बोलावलंय. दया आली म्हणून नाही. लांब केस तिच्यासारखे न तोडता सोडवणारी माणसं कमी आहेत, आणि दिवाळीनंतर मोठी ऑर्डर आहे. बोलावणं आल्यावर ती एक दिवस मुद्दाम थांबून मग आली. मालकांनी ज्या जागी उभं करून काढलं होतं, त्याच जागी तिनं त्यांना स्वतःसाठी खुर्ची मांडायला लावली. खुर्चीवर बसून सुईचं काम होत नाही. पण दिवसभर बसली.

तिच्या घरी जाऊन मी सगळं सांगितलं. तिची सासूही होती. मला वाटलं, झाडू उचलतील. रोशनारा ऐकत राहिली आणि मग हसायला लागली, गाल दुखतो म्हणून गाल धरून. तिनं दंडावरचा ताईत दाखवला. म्हणाली, ‘कुठल्या कुठल्या बायकांचे केस येतात, जिवंतांचे की मेलेल्यांचे, कोणाला माहीत. पोतं उघडायच्या आधी आम्ही सगळ्या हा बांधतो. आम्हाला तुमच्याकडच्या भुतांची भीती वाटते.’ मग म्हणाली, ‘आजीला सांग, तिचा ताईत माझ्यापेक्षा जबर निघाला.’

सूज उतरली आहे. सुई धरता येते. पण बोटं अजून पूर्ण मिटत नाहीत, मूठ वळत नाही. डॉक्टर म्हणतो, वेळ लागेल.

दिवाळीला येता येणार नाही. आईला तू सांग, मला हिंमत नाही.

वीरेंद्र


एकोडी
१५ नोव्हेंबर

बाबू,

दिवाळीले तू नाही येत हे मी तुह्या मायले सांगतलं. तिनं चकल्या तळता तळता तेलात इतकं पाणी पाडलं का सारं घर तडतडलं.

(धुराने. — रीता)

धुरानं. लिही, धुरानं.

मनगट कायले जाळून घेतलं? मालकाच्या मनगटावर लावायचा होता, त्याले लवकर समजलं असतं.

दिवाळीनंतरची गावची मंडई झाली, जत्रेवाणी गर्दी. रात्री दंडारीचं नाटक होतं, मी पुढं बसली. लोकाले आता सारं माहीत आहे. तुही माय नळावर सांगते, ‘आमचा वीरेंद्र केसांच्या गोडाऊनात आहे, पोते उचलते.’ आवाज पहिल्यासारखाच मोठा. कृष्णराव मले म्हणे, ‘म्हणजे हत्ती नाही?’ मी म्हटलं, ‘हत्तीचं काम करते.’

उषाबाई पुन्हा भैय्यालालकडे गेली. जावंच लागलं, दुसरा घेणारा कोण आहे? तो पहिले मिशीत हसला. पण तिले आता किटली माहीत आहे ना. दुकानासमोर बसली अन् येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगायले लागली, हे केस पुढं कितीत जातात. दुपारपर्यंत भैय्यालालनं भाव वाढवला. पूर्ण किटली नाही भेटली. झाकण भेटलं म्हण. बाया म्हणतात, झाकण तर झाकण. बिब्बा घालणं बंद केलं. थुकणं चालू आहे, तेवढं रोशनाराले सांगू नोको.

बाया मले विचारतात, ‘थे बाई काय म्हणे?’ मी ताईताचं सांगतलं. लीलाबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. मंग म्हणे, ‘म्हणजे थे आपल्याले भेते?’ अन् सगळ्या अशा हसल्या का लेकरं झोपेतून उठले. आपल्याले कोणी भेते, हे त्याईले पहिल्यांदाच समजलं.

तिच्यासाठी नव्या धानाचे पोहे पाठवून राहिली. लीलाबाईनं कांडले, उषाबाईनं पाखडले. मी नुसती बसली होती अन् चुका काढून राहिली होती. डब्यात पोह्यांशिवाय काही नाही, तिले म्हणा बिनधास्त हात घाल. तरी पहिले तू खाऊन दाखवजो.

अन् मले काय पाठवायचं थे नीट ऐक. दुकानातले रसगुल्ले नोको, मिठाईचा डबा नोको, मालकाच्या घरचं तर काहीच नोको. रोशनाराले म्हणा, आजीले ओल्या खोबऱ्याचे लाडू करून दे. घाई नाही. होळीले होऊ दे, नाहीतर पुढच्या रोवण्याले. तिची मूठ वळायले लागली का मंगच. चारच पाठवजो, पण दुसऱ्या कोणाले वळू देऊ नोको, साच्यात घालू देऊ नोको. तिच्याच हातानं दाबलेले पाहिजेत, वर पाचही बोटं उमटलेले.